‘माझा पंडित’ कोण? : मिशनऱ्यांची घरची पत्रे साताऱ्याहून वाचताना

माझे आजोबा साताऱ्यात शिकवण्या करून घर चालवत. १९२०च्या आसपासच्या त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या माझ्याकडे आहेत. दूध, रॉकेल, सरपण, भिक्षुकाची दक्षिणा अशा नोंदींमध्ये जमेच्या बाजूला दरमहा एक ओळ येते : ‘साहेब, रु. १५.’ साहेब म्हणजे मराठी शिकायला आलेला तरुण अमेरिकन मिशनरी. पाच-सहा वर्षांत असे तिघे-चौघे झाले असावेत, कारण मध्येच दोन-तीन महिने ओळ गायब होते आणि पुन्हा उगवते. नाव मात्र एकाचेही नाही.

निवृत्तीनंतर मी उलट बाजूने शोध घ्यायचे ठरवले. वहीत साहेबांचे नाव नसले, तर साहेबांच्या लिखाणात आजोबांचे नाव असेल, असा माझा भाबडा हिशेब होता. त्यासाठी मी मिशनऱ्यांची छापील पत्रे आणि आठवणी वाचू लागलो. नाव सापडले नाही. पण वाचता वाचता त्या पत्रांकडे एक वाङ्मयप्रकार म्हणून पाहावे, असे वाटू लागले. हा लेख त्या वाचनाचा आहे.

मिशनऱ्यांच्या मराठी कामगिरीचा अभ्यास आपल्याकडे झालेला आहे. श्री. म. पिंगे यांचे ‘युरोपियनांचा मराठीचा अभ्यास व सेवा’ हे पुस्तक किंवा गंगाधर मोरजे यांचे ख्रिस्ती मराठी वाङ्मयावरील संशोधन अभ्यासकांना परिचित आहे. कोश, व्याकरणे, बायबलची भाषांतरे, ‘ज्ञानोदय’सारखी नियतकालिके यांची दखल आपण घेतली, कारण ती मराठीत होती किंवा मराठीच्या उपयोगाची होती. घरी पाठवलेली पत्रे इंग्रजीत होती आणि आपल्यासाठी नव्हती. म्हणून ती इतिहासकारांकडे गेली, समीक्षकाकडे आलीच नाहीत. वास्तविक या मुलखाबद्दल परक्या माणसाने दर आठवड्याला, ताजेपणी, जे लिहिले ते तिथेच आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झाले. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि त्या सुमारास मिशनचे ठाणे साताऱ्यातही आले. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात स्थिरावले. सांगली-मिरजेतले प्रेस्बिटेरियन काम पुढे त्याच शाखेतून वाढले. या मंडळींच्या पत्रांतले उतारे बोस्टनच्या ‘मिशनरी हेरल्ड’सारख्या मासिकांत छापून येत. पत्र आईला किंवा मंडळाच्या सचिवाला लिहिलेले असे. वाचत असे सगळी मंडळी, आणि त्यातूनच वर्गणीही येत असे. वाइल्डर अमेरिकेला परतले तेव्हा त्यांनी १८७८ मध्ये ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे मासिकच काढले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. १८८६च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेला जाण्याची तयारी दाखवली. त्यातून जी विद्यार्थी-चळवळ उभी राहिली तिचा तो एक प्रमुख प्रवर्तक होता. म्हणजे विशी-पंचविशीतल्या ज्या मुलांनी पुढे जगभरातून घरी पत्रे लिहिली, त्यांना हाक घालणाऱ्यांतला एकजण पंचगंगेकाठी वाढलेला होता.

पत्र आठवड्याचेच का? त्यामागे टपालाची बोट होती. सुरुवातीला शिडाच्या जहाजांतून पत्र पोचायला महिनेच्या महिने लागत. आगबोटी आल्या, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईहून आठवड्याला विलायती डाक सुटू लागली. बोट चुकवायची नाही, या धाकाने माणूस सात दिवस जे घडले त्याला आकार देतो. काही घडले नसेल तर काहीतरी घडल्यासारखे लिहितो. वाचकाला प्रसंग हवा असतो आणि बोटीला तारीख हवी असते. या दोन्हींच्या कात्रीत हा प्रकार घडला.

तो आजही जिवंत आहे, हे मला अपघाताने कळले. सांगलीची माझी भाची अमेरिकेत राहते. तिच्या शेजारचा मॉर्मन पंथाचा मुलगा दोन वर्षांच्या सेवेवर परदेशी गेला. त्याची आई त्याची पत्रे ओळखीच्यांना पाठवी, तशी ती भाचीमार्फत माझ्यापर्यंत आली. या पंथात तरुण मुलगे अठराव्या वर्षापासून दोन वर्षांसाठी आणि मुली दीड वर्षासाठी जातात. खर्च बहुधा स्वतःचा किंवा घरच्यांचा असतो. नेहमी जोडीने राहायचे आणि आठवड्यातला एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट व घरी पत्र लिहिणे यांसाठी राखायचा, असा दंडक आहे. घरी फोन करायची मुभा पूर्वी वर्षातून दोनदाच असे. २०१९ पासून दर आठवड्याला बोलता येते. म्हणजे बोट गेली तरी आठवडा राहिला. हा पंथही आपल्याला अगदी अपरिचित नाही : ह्यू फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला, मुंबई-पुण्यात खटपट करून १८५५ मध्ये परतला आणि त्याच्याही हकिगती लिव्हरपूलच्या ‘मिलेनियल स्टार’मध्ये येत.

शेजाऱ्याच्या मुलाची पत्रे वाचताना मला सारखे वाटत होते, हे मी आधी वाचलेले आहे. पंथ वेगळा, शतक वेगळे, पण ठेवण तीच. आधी हवा-पाणी. मग जेवण आणि पोट. मग भाषेची एखादी फजिती. मग अडथळा : दार लावून घेतलेले घर, चिखलात रुतलेला पाय, आजारपण. मग आशेचा एक माणूस, जो ऐकतो आहे, विचार करतो आहे. शेवटी श्रद्धेचा उच्चार आणि घरच्यांची आठवण. ही चौकट मोडणारे पत्र क्वचितच भेटते. याचा अर्थ ही पत्रे खोटी आहेत असा नव्हे. एकोणीस वर्षांचा मुलगा आईला जे सांगू शकतो, तेवढेच त्यात मावते. भीती मावते, ती टळून गेल्यावर. शंका मावत नाही.

या चौकटीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग भाषेच्या फजितीचा. मिशनऱ्यांची पहिली एक-दोन वर्षे मराठी शिकण्यात जात आणि त्यांना परीक्षा द्याव्या लागत. आजोबांच्या शिकवणीतल्या गोष्टी आत्या सांगायची. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळे काढायला साहेबाला पंधरवडा लागला. एकाने पाठ केलेल्या प्रवचनात ‘पापाचे मूळ’ म्हणायच्या जागी ‘पापाचे मूल’ म्हटले, आणि आजोबांनी हसू दाबत त्याला विचारले, ‘मग त्याचे बारसे कधी?’

पत्रात अशी फजिती येते तेव्हा लिहिणारा स्वतःवर हसतो आणि वाचकाला आवडून जातो. पण त्या हसण्याआड एक गोष्ट घडते. चूक ज्याने पकडली तो माणूस प्रसंगातून वजा होतो. तो ‘माझा पंडित’ एवढाच उरतो. स्वयंपाकी ‘आमचा स्वयंपाकी’, ऐकणारा ‘एक तरुण ब्राह्मण’ किंवा ‘एक म्हातारी’. नाव मिळते ते बहुतेक बाप्तिस्म्यानंतर. पत्राच्या वाचकाला त्या नावाचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारेल, आणि तो रास्त आहे. बोस्टनच्या आईला साताऱ्याच्या मास्तरचे नाव सांगून काय करायचे? परंतु ज्या माणसाच्या जिभेने आपण बोलू लागलो त्याला नाव नसणे ही केवळ सोय राहत नाही. ती दृष्टी होते.

या चौकटीला खरा धक्का देणारा माणूस सांगली-मिरजेकडचा आहे. विल्यम वानलेस १८८९ मध्ये चोविसाव्या वर्षी इकडे आले. सांगलीत छोट्या दवाखान्याने सुरुवात झाली, १८९४ मध्ये मिरजेचे हॉस्पिटल उभे राहिले, १८९७ मध्ये वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले. १९२८ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते इथेच होते. त्यांच्या पुस्तकाचे नाव आहे ‘ॲन अमेरिकन डॉक्टर ॲट वर्क इन इंडिया’ (१९३२). या शीर्षकातच पत्राची सगळी चौकट आहे : कर्ता अमेरिकन, काम त्याचे, भारत ही कामाची जागा. वानलेस खरे तर कॅनडातल्या ऑन्टॅरिओत जन्मलेले; ‘अमेरिकन’ हे विशेषण वाचकाच्या सोयीचे. पण डॉक्टराच्या कामात एक अडचण असते. प्रचारकाला ऐकणारा ‘एक तरुण’ म्हणून चालतो. शस्त्रक्रिया करणाऱ्याला समोरचा माणूस हा विशिष्ट डोळा, विशिष्ट पोट, विशिष्ट वय म्हणूनच भेटतो. रोगी बरा होऊन गावी जातो, धर्म बदलत नाही, आणि तरीही गोष्ट पूर्ण होते. आशेच्या माणसाची चौकटीतली जागा इथे रिकामी राहिली तरी चालते. वैद्यकीय मिशनऱ्याचे लेखन इतर मिशनरी लेखनापेक्षा आज अधिक वाचनीय वाटते ते मला यामुळे वाटते. इकडच्या लोकांनी तर त्यांचे शीर्षक बदलूनच टाकले. मिरज-सांगली रस्त्यावरचे ‘वानलेसवाडी’ हे नाव उच्चारताना अमेरिका कोणाच्या मनात येत नाही.

दुसऱ्या टोकाचे, म्हणजे ज्याच्याविषयी पत्रे लिहिली गेली त्या बाजूचे, मराठीतले सर्वांत मोठे पुस्तक अर्थातच लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३६). नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. मिशनच्या कोणत्याही वृत्तान्तात ही आनंदाची वार्ता. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात तीच घटना घर मोडण्याची, वर्षानुवर्षांच्या ताटातुटीची आहे. आणि नंतर सोवळे-ओवळे एकेक करून गळत गेले ते त्या सांगतात तेव्हा त्याही स्वतःवर हसतात. दोन्हीकडे हसणे आहे, पण मोल निराळे. तरुण मिशनरी चुकला तर पुढच्या आठवड्याच्या पत्राला मजकूर मिळतो. लक्ष्मीबाई चुकल्या असत्या तर त्यांना परतायला माहेर नव्हते. शिवाय त्यांच्या पानांत बिननावाचे कोणी फारसे नाही. शेजारीण, नणंद, मड्डम, पोरके मूल, सगळी नाती-नावांसकट येतात. आठवड्याच्या पत्रात आणि आयुष्याच्या आठवणीत हा फरक राहणारच, असे म्हणून सुटता येईल. मला तो अंतराचा फरक वाटतो : ज्यांच्यात राहायचे आहे त्यांची नावे घ्यावीच लागतात.

टिळकांनीही अखेरीस हे अंतर ओळखले होते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यात आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्त हवा, पण परदेशी मंडळाच्या चौकटीतून नको, हा त्याचा गाभा. १९१९ मध्ये ते गेले. आजोबांच्या ‘साहेब’ नोंदी त्यानंतर वर्षभराने सुरू होतात. एकाच गावात, एकाच काळात, कोणी चौकट सोडत होता आणि कोणी पंधरा रुपयांवर तिच्यासाठी भाषा पुरवत होता.

इथवर लिहून मी आजोबांच्या बाजूने निकाल देऊन मोकळा झालो असतो. पण वही समोर आहे. पत्रात पंडिताला नाव नाही. वहीत साहेबालाही नाही. आत्या सांगायची, शिकवणी ओसरीवरच व्हायची, साहेबाला माजघराचा उंबरा नव्हता. तो गेल्यावर आजोबा अंघोळ करत आणि मगच जेवायला बसत. आळीत कोणी विचारले तर ‘एक मुलगा येतो’ एवढेच सांगत. पत्रात जी दृष्टी मला बोचली तिची जोडीदार आमच्या ओसरीवर होती. मिशनऱ्याने आमचे नाव का लिहिले नाही, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मला आहे. पण तो एकट्या त्याला विचारण्याचा नाही.

वह्यांबरोबर एक पोस्टकार्ड निघाले. अमेरिकेहून आलेले, मराठीत, शाळकरी वळणाच्या देवनागरीत. सही इतकी अस्पष्ट की आडनाव लागत नाही. परसातल्या विहिरीला पाणी आहे का, धाकटीचा ताप उतरला का, अशी विचारपूस आहे. धाकटी म्हणजे आत्या. नाव तिचेच, घरात हाक मारायचे, नीट लिहिलेले आहे. म्हणजे ओसरीवर बसूनही त्याने ते ऐकले होते आणि लक्षात ठेवले होते. मग एक वाक्य : त्याची आई ‘वारला’. दर आठवड्याला ज्या आईला पत्र जात होते तीच आता नाही, आणि हे सांगायला त्याने निवडलेला माणूस ‘पंडित’ नव्हे, ‘गुरुजी’ आहे. ‘वारला’ खाली पेन्सिलीने रेघ आहे आणि शेजारी आजोबांच्या अक्षरात ‘वारली’.

हे वाचून मला आधी हसू आले, मग नाही. मास्तर माणूस, दुःखाची बातमी वाचतानाही लिंग दुरुस्त करतो. सवय असेल, किंवा दुसरे काय करावे हे सुचले नसेल. पण त्या पुढच्या महिन्याच्या वहीत खर्चाच्या बाजूला, सरपण आणि रॉकेल यांच्यामध्ये, एक नोंद आहे : ‘अमेरिका टपाल.’ तशी नोंद त्या वह्यांत आधी नाही, नंतरही नाही.

म्हणजे आजोबांनी उत्तर पाठवले होते. त्यांनी साहेबाला कोणत्या नावाने हाक मारली, हे त्या पत्रात असणार. ते पत्र इकडे नाही, तिकडे कोणाच्या तरी घरी असेल किंवा नसेल. मिशनरी पत्रांचा अभ्यास मासिकांच्या पानांवर करून भागणार नाही, असे मला म्हणायचे आहे ते यासाठी. त्यांच्या जोडीला आपल्या ट्रंकांतल्या वह्या उघडाव्या लागतील, आणि दोन्हीकडच्या गाळलेल्या जागा शेजारी शेजारी ठेवून वाचाव्या लागतील.