उंबरठ्याच्या आतला खेळ

रात्रीच्या लोकलने उंबरमाळीला उतरलो की घरातला दिवा दिसेपर्यंत आमचा जीव थाऱ्यावर नसतो. पोलंडमध्ये तयार झालेल्या 'धिस वॉर ऑफ माइन' (२०१४) या व्हिडिओ गेमने हीच घालमेल नेमकी पकडली आहे. साराजेवोच्या १९९२-९६ च्या वेढ्यावरून तो सुचला. यात आपल्या हाती सैनिक नसतात, पडक्या घरात अडकलेली साधी माणसे असतात. दिवसा चूल, खाट, पाण्याची सोय करायची. रात्री एकाने अन्न-औषध शोधायला बाहेर पडायचे. पहाटे परतल्यावर मागच्यांचे काय झाले ते कळते. म्हणूनच ती पडझड घर वाटू लागते. मात्र शहराला काल्पनिक नाव दिल्याने वेढा सोसलेल्यांची ओळख पुसली जाते, हे आम्हाला खटकते. घर म्हटले की त्याला गाव लागते, मोहल्ला लागतो.