दीड थाऊची जागा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिन जोडत नाहीत, बांधतात. फेटा बांधतात, बंदिश बांधतात, दारात म्हैसही बांधतात म्हणा. पण बाकावर सुट्या पडलेल्या लोखंडातून पुन्हा धडधडणारी वस्तू उभी करण्याला याहून नेमकं क्रियापद मला तरी सापडलेलं नाही. माझ्या जुन्या मारुती एस्टीमचं फुटलेलं इंजिन तिथं बांधून होत होतं तेव्हा मी रोज जाऊन बसायचो. हात काळे करायची परवानगी नव्हती. स्टूल मिळालं होतं आणि चहा.

मी काही शर्यतीतला माणूस नाही. वर्षातून दोनदा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर पैसे भरायचे, दिवसभर घाम गाळत फेऱ्या मारायच्या आणि त्याच गाडीनं घरी यायचं, एवढीच हौस. इंजिन सुझुकीच्या जी-१३ कुळातलं, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व. बोअर ७४ मिलिमीटर, स्ट्रोक ७५.५, म्हणजे जवळजवळ चौरस बांध्याचं, वर चढायला उत्सुक. एलजीबी फॉर्म्युला फोरच्या एकआसनी गाड्यांनाही मारुतीचंच १.३ लिटरचं इंजिन असतं, त्यामुळे ते कसं पळवावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तेलाचं काय करावं हे सांगणारे कमी. एका लांबलचक उजव्या वळणात तेलाचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला. मी तो पाहिला होता, हे इथं कबूल करतो. वळण संपलं, दिवा विझला, मी खूश. दोन फेऱ्यांनी पायाखालून कुणीतरी हातोडीनं ठोकतंय असा आवाज सुरू झाला. मग गाडी टेम्पोवर आणि मी टेम्पोवाल्याशेजारी, कोल्हापूरपर्यंत.

मिस्त्रींनी ऑइल चेंबर उतरवला, तळातलं तेल चिमटीत घेतलं आणि दाराशी उन्हात जाऊन बोटं चोळली. बोटांवर जर चमकत होती. मग चारही रॉड सोडवून बेअरिंगच्या आठ अर्धवाट्या त्यांनी पुढारीच्या पानावर ओळीनं मांडल्या, एक ते चार, वरची वर आणि खालची खाली. हा क्रम मोडला की वाचन संपलं. या वाटीचं अंग पोलादी, आतला लेप मऊ धातूचा. तेलातून कण आला तर तो स्वतःच्या पोटात घ्यायचा आणि क्रँकला ओरखडा उठू द्यायचा नाही, हे तिचं काम. पहिली वाटी राखाडी, शांत. दुसरीवर आरशासारखे पट्टे. चौथीत बारीक चरे. तिसरी मात्र ओळखू येत नव्हती. लेप पुसून गेलेला, कड पत्र्यासारखी पातळ झालेली, आणि ती आपल्या बैठकीतून सुटून रॉडमध्ये गरगर फिरलेली. तिसऱ्या रॉडचा खालचा गोल निळाजांभळा पडला होता. पोलाद तापून तो रंग येतो.

“हे पळवून मेलेलं न्हाई,” मिस्त्री म्हणाले. “तेलाविना मेलंय. हितं लिहिलंय की.”

खरंच लिहिलेलं होतं, वाचता यायला हवं. वळणात बाजूला रेटणारं बल गाडीच्या वजनाइतकं झालं, की चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग थेट ४५ अंशांत कलतो. तेल एका भिंतीला चढून बसतं आणि ओढणाऱ्या नळीच्या जाळीला हवा लागते. बाजारहाटाच्या गाडीला वळणात असं टांगून धरायचं नसतंच, तिच्या चेंबरनं त्याची तयारी का ठेवावी? ६५०० फेऱ्यांवर पिस्टन मिनिटाला १३,००० वेळा थांबून उलटा फिरतो. सरासरी काढली तर तो ताशी ५९ किलोमीटरनं जातोय, तेही साडेसात सेंटिमीटरच्या नळकांड्यात. अशा वेळी सेकंदभर तेल न मिळणं म्हणजे काय, ते पुढारीवर मांडलेलं होतं.

क्रँक बाहेर काढून त्यांनी दोरीला टांगला आणि पितळी हातोडीनं हलकेच ठोकला. देवळातल्या घंटेसारखा नाद लांबला. तडा गेलेला क्रँक बद्द बोलतो, मडकं बोलतं तसा. नंतर चुंबकानं तडा तपासून घेतलाच, पण मला खात्री आहे की मिस्त्रींचा निकाल त्या नादातच लागला होता.

ग्राइंडिंगचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. रॉड ज्यावर फिरतो ते क्रँकचं जर्नल मुळात ४२ मिलिमीटरचं. खराब झालेली पातळी काढायला चारही जर्नल पाव मिलिमीटर उतरवायची आणि त्या मापाची जाड बेअरिंग घालायची. हे कुणीही सांगेल. पाहण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जर्नल जिथं क्रँकच्या जबड्याला भेटतं त्या कोपऱ्यात एक इवलीशी गोलाई असते. घाईच्या ग्राइंडरच्या हातून तो कोपरा काटकोनी होतो, माप बरोबर येतं, बिल निघतं आणि काही महिन्यांनी तडा नेमका त्या कोपऱ्यातून सुरू होतो. या कारागिरानं दगडाची कड आधी हिऱ्यानं गोल करून घेतली आणि मग क्रँकला हात लावला. काम परत आलं तेव्हा मिस्त्रींनी माप नंतर घेतलं. आधी डोळे मिटून नख त्या कोपऱ्यातून फिरवलं. नख कुठं अडलं नाही.

तिसरा रॉड बाद. दुसरा मिळाला, पण चारही वजनात सारखे हवेत, नाहीतर इंजिन जन्मभर थरथरणार. गुजरीतल्या ओळखीच्या सराफाचा काटा दुपारभरासाठी आला. तराजूवर रॉडचं एकेक टोक दोरीनं तोलून धरत, जड बाजूचा जरासा धातू कानशीनं उतरवत, तिन्हीसांजेपर्यंत हे चाललं होतं. एवढ्या वेळात सराफानं चार पाटल्या विकल्या असत्या.

आता या सगळ्या कामाचं हृदय. जर्नल आणि बेअरिंग यांच्यात जागा किती ठेवायची? कंपनीच्या पुस्तकात ०.०२० ते ०.०५० मिलिमीटर असं लिहिलेलं आहे. केसाची जाडी याहून जास्त भरते. मिस्त्री मिलिमीटरात बोलत नाहीत, थाऊत बोलतात. इंचाचा हजारावा भाग. मायक्रोमीटरनं जर्नल, डायलनं बोअर, प्रत्येक माप दोन दिशांना, आणि तेही सकाळी, शेडचा पत्रा तापायच्या आत. “दीड थाऊ,” ते म्हणाले. म्हणजे ०.०३८. घट्ट बांधलं असतं तर दुकानात छान वाटलं असतं, हातानं फिरवताना तलम लागलं असतं. पण ट्रॅकवर तेल तापून पाण्यासारखं पातळ होतं, धातू फुगतो, आणि जर्नल लेपावर घासतं. सैल बांधलं असतं तर तेल कडांनी गळून दाब पडला असता. गाणाऱ्यांमध्ये ‘जागा’ घेतात म्हणतात. स्वरांची छोटीशीच वळणं, पण ती नेमकी कुठं घेतली यावर माना डोलतात. इथं धातू दोन बाजूंना आहे आणि भार मात्र त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत साठलेलं तेल वाहतं. फिरता क्रँक स्वतःच तेल ओढून पाचरीसारखं खाली घेतो आणि त्यावर तरंगतो. लोखंड लोखंडाला शिवतच नाही.

ही जागा मोजायला मी मुंबईहून मेणाचा बारीक दोरा आणला होता. जर्नलवर ठेवायचा, कॅप ठरलेल्या ताणानं आवळायची, सोडायची, आणि चेपलेल्या दोऱ्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी ताडायची. मिस्त्रींनी तो लावू दिला, पाहुण्याला पान द्यावं तसा. दोऱ्यानं दीड थाऊच सांगितलं. ते काही बोलले नाहीत, दोरा पुसून टाकला.

बोअरबद्दल फार लिहीत नाही. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, आत बिडाचे लायनर. हेड आवळल्यावर बोअर किंचित वाकडा होतो म्हणून हॉनिंग करताना वर हेडसारखीच जाड प्लेट आवळून घेतली, त्यानं गोलाई खरी राहते. तिरप्या रेघांची जाळी सुबक उठली होती. तेल धरून ठेवायला ती लागते.

दोन पूर्ण दिवस गेले ते धुण्यात, आणि माझ्या मते खरी प्रतिष्ठा याच दिवसांची. मेलेल्या बेअरिंगची जर तेलाच्या प्रत्येक वाटेत शिरलेली असते. ब्लॉकच्या वाहिन्यांची बुचं ड्रिलनं काढून आतून ब्रश फिरवले, क्रँकच्या तिरप्या भोकांतून तार आणि हवा. ऑइल कूलर तर त्यांनी मला न विचारता भंगारात टाकला. त्याच्या बारीक नळ्यांतली जर कधीच पूर्ण निघत नाही. पहिल्या इंजिनाचा चुरा दुसऱ्याला मारतो तो असा, आणि दोष मग नव्या बेअरिंगवर येतो.

मला वेगळा कॅम हवा होता, फोर्ज्ड पिस्टनही. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि चेंबर उचलून वेल्डिंगला पाठवला. जाळीभोवती पत्र्याच्या आडभिंती, त्यांना आत उघडणाऱ्या छोट्या झडपा: तेल आत येईल, वळणात पळून जाणार नाही. पॉवर एकानंही वाढली नाही. सगळ्या कामातला हा संयम मला सर्वांत आवडला, पैसे माझे असूनही.

एक गोष्ट मात्र खटकली आणि ती लिहायलाच हवी. चेंबर बसवताना सिलिकॉन त्यांनी सढळ हातानं ओढलं. बाहेर जितकं फुगून येतं तितकंच आतही फुगतं, त्याचा तुकडा सुटून जाळीत अडकला तर पुन्हा तोच खेळ. मी म्हटलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग चेंबर उतरवून पुसला आणि दुसऱ्यांदा उदबत्तीएवढी बारीक रेघ ओढली. त्या दिवशी चहा आला नाही.

सुरू करायच्या आधी प्लग काढून नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवलं, लाल दिवा विझेपर्यंत. मग प्लग घातले. दुसऱ्या झटक्याला पेटलं. रिकामं गुरगुरत ठेवायचं नाही, नव्या रिंगा भाराखालीच बसतात, म्हणून लगेच गाडी बाहेर काढून पुलाच्या चढावर नेली, दाबली, सोडली, पुन्हा दाबली. वीस मिनिटांनी परत. तेल गरम असतानाच काढलं आणि फिल्टरचा डबा कापला. आतला घडीचा कागद मिस्त्रींनी सोडवला, पिळला आणि हातभर लांब ताणून ट्यूबलाइटखाली धरला. एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघंही घडी-घडी करत पुढं सरकत होतो, लग्नातला अंतरपाट धरल्यासारखे. तीन-चार कण दिसले, राखाडी, बोटानं चुरणारे. चमक नव्हती.

“आणखी पन्नास पळवा,” ते म्हणाले, “आन् पुन्हा कापू.”