‘नागिन’ची पुंगी आणि बँडवाले

वरातीत वाजणाऱ्या चालींमध्ये ‘नागिन’च्या पुंगीइतकी दीर्घायुषी चाल दुसरी नसावी. चित्रपट १९५४चा. संगीत हेमंतकुमारांचे, गीते राजेंद्र कृष्ण यांची, आवाज लता मंगेशकरांचा, पडद्यावर वैजयंतीमाला आणि प्रदीपकुमार. चित्रपटाची गोष्ट आज किती जणांना सांगता येईल, याची शंकाच आहे. पण ‘मन डोले’ या गाण्यातले पुंगीचे सूर घोटावडे फाट्यापासून पौडपर्यंतच्या कोणत्याही मंगल कार्यालयासमोर वाजवून पाहा. रुमालाचे टोक दातांत धरून गारुडी होणारा एक आणि हातांचा फणा करून मातीत लोळणारा दुसरा, असे दोन गडी पुढे येतातच.

या चालीच्या ध्वनिमुद्रित आणि रस्त्यावरच्या आवृत्त्या असंख्य आहेत. त्यांच्याविषयी बोलताना आपण एकच फूटपट्टी लावतो : मुळाबरहुकूम आहे की नाही? ‘नागिन’च्या बाबतीत ही फूटपट्टी पहिल्याच मापाला मोडते, कारण मुळातली पुंगी ही पुंगी नव्हतीच. हेमंतकुमारांचे तेव्हाचे सहायक कल्याणजी (पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतले) यांनी ती क्लॅव्हायोलिनवर वाजवली आणि दुसरे सहायक रवी यांनी हार्मोनियमची जोड दिली. क्लॅव्हायोलिन हे फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७च्या सुमारास बनवलेले विजेचे वाद्य. छोटीशी पट्टी, आत व्हॉल्व्ह, आणि एका वेळी एकच सूर. बीटल्सनीही १९६७मध्ये ते एका गाण्यात वापरले.

गारुड्याच्या खऱ्या पुंगीत दोन नळ्या असतात. एकीवर चाल फिरते, दुसरी एकच सूर अखंड धरून ठेवते. वादक गालांत हवा साठवून श्वास तुटू देत नाही. क्लॅव्हायोलिनला श्वासच नाही. कल्याणजींनी केले ते असे की सुरांना कंप दिला, एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना नाकातला तो खरखरीत आवाज सांभाळला, आणि ऐकणाऱ्याला भोपळा दिसू लागला. ही अनुकृती इतकी पटली की पुढे गारुडीच आपल्या पुंगीवर ‘नागिन’ वाजवू लागले. (सापाला बाहेरचे कान नसतात, तो गारुड्याच्या हालचालीकडे पाहून डोलतो. म्हणजे हा सगळा खटाटोप पहिल्यापासून माणसांसाठीच होता.)

यंत्राने श्वासाचे सोंग घेतले होते. बँडच्या क्लॅरिनेटवाल्याने त्या सोंगात पुन्हा श्वास घातला. हे काम सोपे नाही. क्लॅरिनेटची पत्ती ओठांत सैल-घट्ट करत, भोकावरचे बोट पूर्ण न उचलता सरकवत त्याला ती घसीट काढावी लागते. ट्रम्पेटला तीनच दट्टे. तिथे घसीट अर्धवट दाबलेल्या दट्ट्यातून निघते आणि जरा बेसूर होते, पण त्या बेसूरपणात एक रग असते. बेंजोवाल्याची अडचण निराळी. बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. खटके दाबून तारा छेडायच्या, त्यामुळे सूर वाकवायची सोयच कमी. म्हणून तो एकाच सुरावर नखीचा मारा करतो आणि पुंगीची गारपीट होते. मला ती आवडते. कीबोर्डवरची आयती ‘बीन’ मात्र सगळ्यांत निर्जीव वाटते. गंमत अशी की नात्याने तीच मूळ ध्वनिमुद्रणाला सर्वांत जवळची : तेही यंत्र, हेही यंत्र. पण कल्याणजींना तो आवाज शोधावा लागला होता. इथे बटण दाबले की येतो.

बँडवाले नुसती चाल उतरवत नाहीत, ती रचतातही. १९८६च्या ‘नगीना’तील लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची पुंगी आली, तेव्हा त्यांनी जुनी टाकली नाही. १९५४च्या सुरांवर सुरुवात करायची, लय चढवत १९८६मध्ये शिरायचे आणि नाचणारे दमले की परत जुन्यावर यायचे, असा जोड मी कितीदा तरी ऐकला आहे. चित्रपटात तीन-चार मिनिटांचे असलेले हे प्रकरण वरातीत पाऊण तास चालते. त्या वेळाची बांधणी कोणत्याही संगीतकाराने लिहून दिलेली नाही.

आता नावांचा प्रश्न. चित्रपटगीतांच्या धून तबकड्यांवर वाजवणाऱ्यांची नावे राहिली. क्लॅरिनेटवर मास्टर इब्राहिम, अ‍ॅकॉर्डियनवर पुण्याचे एनॉक डॅनियल्स. तबकडीवर त्यांचे नाव छापले गेले म्हणून संग्राहक आजही ती शोधतात. बँडवाल्याचे वादन हवेत विरले. ग्रेगरी बूथ यांनी ‘ब्रास बाजा’ (२००५) हे पुस्तक लिहून या धंद्याची दखल घेतली. त्यात मुसलमान बँडवाल्यांचा वाटा ठळक दिसतो. ही दखल घ्यायला परदेशातून माणूस यावा लागला, हे मला बोचते. आमच्या मुस्लिम मराठी कथेत तलाक आहे, दंगल आहे, मोहल्ला आहे. झालरीचा कोट घालून दुसऱ्याच्या दारात रात्रभर फुंकणारा मामू क्वचितच आहे. एकीकडे मशिदीत बाजा नाजायज म्हणून ऐकायचे, आपल्या बहिणीचा निकाह बिनबाजाचा लावायचा आणि दुसऱ्या दिवशी नवरदेवाच्या घोड्यापुढे ‘नागिन’ वाजवून घर चालवायचे, हा पेच लिहिण्याजोगा नाही काय? आणि नकलेचा आरोप तर आपल्याला अपरिचित नाही. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला ‘तुमची मूळ भाषा कोणती?’ हा प्रश्न अजून विचारला जातोच.

कायदा या बाबतीत अर्धाच उदार आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२नुसार लग्नाच्या वरातीत गाणे वाजवणे हा हक्कभंग ठरत नाही. जुलै २०२३मध्ये केंद्र सरकारने सूचना काढून ते पुन्हा स्पष्ट केले. म्हणजे बँडवाल्याने कोणाला काही देणे नाही. १९९४च्या दुरुस्तीने कलाकाराचाही त्याच्या सादरीकरणावर हक्क मान्य केला आहे, पण वरातीत मोबाइलवर त्याची पुंगी टिपून गावभर पाठवणारा त्याला विचारायला जात नाही. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात, दरबार, न्यू गंधर्व ही बँडची नावे लोकांना पाठ असतात. आत क्लॅरिनेट कोण वाजवतो, ते नाही. मोठ्या ढोलावर बँडचे नाव आणि फोन नंबर रंगवलेला असतो. क्लॅरिनेटवाला कोण, असे विचारले तर झांज वाजवणारा पोरगा मान वळवून सांगतो, ‘‘मास्टर आहेत.’’