युद्धकाळातील स्थलांतरित आणि तिसरी भाषा : ‘डेनले’च्या निमित्ताने

स्थलांतरितांच्या वृत्तपत्रांचा विचार रॉबर्ट पार्क यांच्या १९२२ सालच्या ग्रंथापासूनच सुरू करावा लागतो. परभाषिक पत्र वाचकाला मायदेशाशी जखडून ठेवते, हा त्या काळचा समज पार्क यांनी पुष्कळसा खोडून काढला. असे पत्र स्वभाषेतूनच नव्या देशाची ओळख करून देते व अखेर वाचकाला त्या देशाशी जोडते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यामागे पहिल्या महायुद्धाचा ताजा अनुभव होता. ६ ऑक्टोबर १९१७ च्या अमेरिकन कायद्यान्वये, विशेष परवाना नसलेल्या परभाषिक पत्रास सरकार व युद्ध यांविषयीच्या मजकुराचे इंग्रजी भाषांतर टपालखात्याकडे दाखल करावे लागे. जर्मन पत्रांस त्याचा मोठा जाच झाला. भाषांतर हे पहाऱ्याचे साधन बनले. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये; १९०८ साली ‘केसरी’तील लेखांवरील खटलाही भाषांतरांच्याच आधारे चालला होता आणि टिळकांनी त्या भाषांतरांवरच आक्षेप घेतले होते.

पार्क यांची मांडणी अमेरिकेपुरती पटते. तथापि तीत भाषा दोनच आहेत : आलेल्याची आणि यजमानाची. यजमान समाज व राज्यसंस्था यांची भाषा एकच, हे त्यांनी गृहीतच धरले आहे. मुंबईत हे गृहीत टिकत नाही.

येथे न्यूयॉर्कच्या ‘स्टाट्स-त्साइटुंग’सारखे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांवर उभे असलेले जर्मन दैनिक नव्हते. १९३९ साली युद्ध सुरू होताच जर्मनांची रवानगी अहमदनगरच्या छावणीत होऊ लागली. पहिल्या महायुद्धातही ती तेथेच झाली होती. नाझी राजवटीपासून पळून आलेले ज्यू निर्वासितही आरंभी ‘शत्रुराष्ट्रीय’ ठरले. माणूस कोण, हे त्याच्या पारपत्राने ठरविले.

अशा काळात रुडॉल्फ फॉन लायडन हे ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या वर्तुळात वावरत होते. बर्लिनमध्ये १९०८ साली जन्मलेले हे भूगर्भशास्त्रज्ञ १९३३ साली मुंबईस आले आणि जाहिरातकला, कलासमीक्षा व व्यंगचित्रे यांकडे वळले. व्यंगचित्रांखाली ते ‘डेनले’ अशी सही करीत. लायडन या नावाच्या रोमन अक्षरांची ती केवळ फेरजुळणी होय. अक्षरे तीच, क्रम निराळा. उमरावपणाचे ‘फॉन’ तेवढे गळाले. यास भीतीपोटी केलेले लपणे म्हणणे घाईचे होईल. टोपणनावांची आपल्याकडेही वाण नाही, आणि कलासमीक्षक म्हणून लायडन हे नाव मुंबईत सर्वश्रुत होते. मात्र युद्धकाळात राजकीय चित्राखाली इंग्रजी वळणाचे नाव येणे आणि चित्रप्रदर्शनाच्या परीक्षणासाठी जर्मन नाव चालणे, ही विभागणी अर्थशून्यही म्हणता येत नाही.

महत्त्वाचा मुद्दा त्यापुढचा आहे. लायडन यांची इंग्रजी ही त्यांची मातृभाषा नव्हती, तशी ती त्यांच्या मराठी, गुजराती वाचकाचीही नव्हती. ती राज्यकर्त्यांची होती. १९४२ साली ‘चले जाव’ची घोषणा देणाऱ्या शहरात नाझीविरोधी निर्वासिताला ब्रिटिश पक्षाचेच पत्र जवळचे वाटावे, हे स्वाभाविक असले तरी अडचणीचे होते. त्याची निष्ठा राज्याला पोचली. समाजाला ती त्याच वाटेने पोचली काय, हा प्रश्न पार्क यांच्या चौकटीत उभाच राहत नाही.

त्याचे उत्तर व्यंगचित्रांपेक्षा कलासमीक्षेत अधिक सापडते. आरा, रझा यांसारख्या तरुण चित्रकारांची लायडन यांनी पाठराखण केली. पुढे गंजिफाच्या पत्त्यांचा त्यांनी चिकाटीने अभ्यास केला. त्यांचा त्यावरील ग्रंथ १९८२ साली निघाला आणि सावंतवाडीच्या चितारी घराण्यांची कला इंग्रजी वाचकांपुढे गेली.