परदेशी अध्ययनवृत्ती आणि करारपत्राची एकांगी भाषा

विद्यापीठीय अध्यापकांना उच्च अध्ययनासाठी परदेशी पाठविण्याच्या योजनांची चर्चा महाराष्ट्रात बहुधा दोनच प्रश्नांपुरती होते : वृत्तीची रक्कम किती, आणि गेलेला मनुष्य परत येतो की नाही. दोन्ही प्रश्न हिशेबाचे आहेत, आणि वृत्ती देताना जे करारपत्र लिहून घेतले जाते त्याची भाषाही ह्याच हिशेबाची असते. तीत अध्यापक हा ऋणको व संस्था ही धनको. धनकोच्या माथीही काही देणे असू शकते, ही कल्पना त्या भाषेला सहसा सुचत नाही. वृत्तींच्या यशापयशाचे मूळ मात्र पुष्कळदा ह्या न लिहिलेल्या देण्यातच सापडते.

ह्याचा सर्वांत बोलका दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात आहे. १९१३ साली बडोदे संस्थानाने त्यांना अमेरिकेतील अध्ययनासाठी वृत्ती दिली, आणि तिच्या मोबदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला. १९१७ साली वृत्तीची मुदत संपताच लंडन येथील अध्ययन अर्धवट टाकून ते कराराप्रमाणे बडोद्यास रुजू झाले. पुढे घडले ते सर्वश्रुत आहे. शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. नाव पालटून एका पारशी विश्रामगृहात काढलेले दिवसही काठ्या घेऊन आलेल्या जमावामुळे संपुष्टात आले. राहण्याच्या जागेची हमी करारपत्रात असण्याचे कारण नव्हते, असे एखादा कायदेपंडित म्हणेल. परंतु ज्याच्याकडून दहा वर्षांची सेवा अपेक्षिली त्याला दहा दिवस धड निवारा देता येऊ नये, ह्यात करार कोणी मोडला हे ठरविण्यास कायदेपंडिताची जरूर नाही.

अध्यापक म्हणून त्यांनी केलेली परदेशगमनाची तयारी तर अधिकच विचारात घेण्याजोगी आहे. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि १९२० च्या मार्चमध्ये राजीनामा देऊन लंडनला परत निघाले. ह्या वेळी आधार होता तो पगारातून साठविलेल्या पैशाचा, शाहू महाराजांच्या साहाय्याचा व नवल भथेना ह्या स्नेह्याने दिलेल्या कर्जाचा. १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी. एस्‌सी. पदवी आणि रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ ही त्याची फलश्रुती. ह्यावरून वृत्तीवाचूनही विद्या होते असा निष्कर्ष काढणे हा शुद्ध अन्याय होईल. पोट मारून केलेले अध्ययन ही नियम करण्याजोगी गोष्ट नव्हे. लक्षात घ्यावयाचे ते निराळेच. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील आपला प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध करताना आंबेडकरांनी तो सयाजीराव महाराजांना कृतज्ञतापूर्वक अर्पण केला. नोकरीच्या रूपाने फिटू न शकलेले ऋण असे ग्रंथाच्या रूपाने मान्य केले गेले. करारपत्रात ह्या रकान्याला जागा नसते.

बंधन हेच मुळात वाईट, असे मात्र नव्हे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांची वीस वर्षांच्या सेवेची प्रतिज्ञा आजच्या कोणत्याही करारापेक्षा कडक होती, आणि वेतन अगदी बेताचे. तरीही केंब्रिजहून १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे त्याच संस्थेत आले व १९०२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. आजीव सदस्य हा संस्थेचा नोकर नसून तिच्या कारभाराचा वाटेकरी होता. देणे दुहेरी होते, म्हणून ते जाचले नाही.

फर्ग्युसनचेच दुसरे परांजपे, वासुदेव गोपाळ, ह्यांचे उदाहरण मराठीच्या अभ्यासकांना अधिक जवळचे वाटावे. पॅरिसला त्यांनी डॉक्टरेट मिळविली ती कात्यायनाच्या वार्त्तिकांवर. तो प्रबंध १९२२ चा. विषय संस्कृत व्याकरणाचा, भाषा फ्रेंच. त्या वेळी एखाद्या लेखापालाने मराठीच्या पदरात काय पडले असे विचारले असते, तर उत्तर शून्य आले असते. झ्यूल ब्लॉक ह्यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील १९२० साली प्रसिद्ध झालेला फ्रेंच ग्रंथ ह्याच परांजप्यांनी ‘मराठी भाषेचा विकास’ ह्या नावाने मराठीत आणला, तो १९४१ साली. मध्ये एकोणीस वर्षे गेली. तीन वा पाच वर्षांच्या कराराची मुदत तोवर कितीदा तरी उलटून गेली असती!

१९३९ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले, तेव्हा लंडनहून शिकून आलेले कत्रे व सांकलिया आणि बर्लिनहून आलेल्या इरावती कर्वे ह्यांना आपापल्या विषयाचे स्थान लाभले. परदेशी मिळविलेल्या विद्येला ग्रंथालय, सहकारी व विद्यार्थी एकाच आवारात मिळाले; पुढील कार्य त्यातून उभे राहिले.

ह्या पार्श्वभूमीवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम वाचावेत. तीन वर्षांच्या सेवेनंतर सवेतन अध्ययनरजा, प्रगतीचे अहवाल, आणि परतल्यावर किमान तीन वर्षे सेवेचे बंधपत्र, अशी त्यांची रचना आहे. रजा देण्याच्या बाबतीत ती उदार आहे, हे मान्य केलेच पाहिजे. अमेरिकेच्या फुलब्राइटसारख्या वृत्तींना जोडलेला नियम तर वृत्तिधारकाने दोन वर्षे मायदेशी राहावे एवढेच पाहतो. तेथे त्याने काय करावे हा त्याचा विषय नव्हे. दोन्ही ठिकाणी मोजली जातात ती वर्षे. परतलेल्या अध्यापकाला ज्या विषयासाठी पाठविले तोच शिकविण्यास मिळेल काय, त्याच्या विषयाची नियतकालिके ग्रंथालयात येतील काय, त्याच्या गैरहजेरीत ज्या सहकाऱ्यांनी त्याचे तास घेतले त्यांची पाळी कधी येईल, ह्यांपैकी कशाचाही लेखी जबाब विभागाकडून मागितला जात नाही. प्रगतीचा अहवाल एकट्या अध्यापकाचा असतो. तसाच एक अहवाल विभागप्रमुखाने, अध्यापक परतल्यानंतर वर्षभरात, सादर करावा एवढी सुधारणा करण्यास अनुदानात एका रुपयाचीही वाढ लागणार नाही.