एका गुणाकारासाठी केवढा साधनसंच!

भरतीची वेळ काढण्याची कोकण किनाऱ्यावरील रीत शिक्षकांना ठाऊक असेलच. तिथीचा आकडा तीनने गुणायचा, चारने भागायचा. उत्तर येईल तितके तास बारानंतर मोजायचे, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मांडव्याला गेटवेहून लाँची येतात, 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटही येते. अशा गावातील आठवी-नववीच्या वर्गाने स्वतःचे पहिले मोबाईल अ‍ॅप करायचे ठरवले, तर याहून चांगला विषय शोधूनही सापडणार नाही. तिथी टाकावी, वेळ यावी. एक गुणाकार, एक भागाकार.

एवढ्यासाठी संगणकावर काय बसवावे लागते ते पाहू. अँड्रॉइडची अ‍ॅप्स बनवण्याचा अधिकृत मार्ग म्हणजे गुगलचा अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याच्यासोबतचा सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट किट, म्हणजे एसडीके. (आयफोनचा विचार येथे सोडून देऊ, त्यासाठीचे एक्सकोड फक्त अ‍ॅपलच्या मॅक संगणकावरच चालते.) स्टुडिओला किमान 8 जीबी रॅम हवी, आणि संगणकाच्या पडद्यावर खोटा फोन उभा करणारा इम्युलेटर वापरायचा तर 16 जीबी. त्या खोट्या फोनची प्रतिमाच एक जीबीहून मोठी असते. सगळे बसले असे वाटते न वाटते, तोच पहिले अ‍ॅप बांधताना ग्रेडल नावाचा मुकादम शेकडो लहानमोठ्या फाइली इंटरनेटवरून मागवू लागतो. नेट तुटले की काम थांबले.

हा संच वाईट आहे असे आम्हांला म्हणायचे नाही. तो फुकट मिळतो, आणि पूर्वीपेक्षा बसवायला पुष्कळ सोपा झाला आहे. डिसेंबर 2014 मध्ये स्टुडिओची पहिली पक्की आवृत्ती आली. त्याआधी जावा वेगळे, एक्लिप्स वेगळे, एसडीके वेगळे आणून त्यांची मोट बांधावी लागे. आमची तक्रार आहे ती मार्गदर्शनाविषयी. ‘अँड्रॉइड बेसिक्स विथ कम्पोज’ हा गुगलचा नवशिक्यांसाठीचा पाठ चांगला लिहिला आहे. पण त्यात अ‍ॅप आधी इम्युलेटरवर चालवायला सांगतात आणि खरा फोन जोडणे त्यानंतर येते. शाळेतील जुन्या संगणकाचा दम नेमका इम्युलेटरवरच तुटतो. फोन जोडायला काय लागते? एक केबल. सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारायची, मग ‘यूएसबी डीबगिंग’ चालू करायचे. शिक्षकाने हा क्रम खुशाल उलटा करावा.

दुसरे असे, की ‘हे बसवा, पुढे चला’ एवढेच सांगितल्याने विज्ञान शिकवणाऱ्याचे समाधान होत नाही. एसडीकेमध्ये असते तरी काय? अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीसाठी एक फाइल असते. तिच्यात फोनला करता येणाऱ्या कामांची केवळ नावे आणि ती कशी हाकारायची ते असते. प्रत्यक्ष काम करणारी आज्ञावली फोनमध्ये आधीपासून बसलेली असते. म्हणजे ही नुसती अनुक्रमणिका, पुस्तक फोनमध्ये. बांधणीची हत्यारे आपली आज्ञावली फोनला कळेल अशा रूपात आणून एका गठ्ठ्यात बांधतात. आणि ‘एडीबी’ नावाचा निरोप्या तो गठ्ठा केबलवरून फोनमध्ये पोचवतो. एवढे फळ्यावर काढून दाखवले, की अडले कुठे हे मुलांनाही ओळखता येते.

सर्वांत गंभीर आक्षेप परवान्यावर. बसवताना ‘मान्य’ म्हणून टिचकी मारतो तो मजकूर सहसा कोणी वाचत नाही. त्यात एसडीकेची प्रत फक्त राखीव म्हणून ठेवण्यापुरती करावी, इतरांना वाटू नये, असे बंधन आहे. अँड्रॉइडचा मूळ कोड बहुतांशी अपाची परवान्याखाली खुला असताना हे बंधन विचित्र वाटते. मंद नेटच्या गावात साधा उपाय कोणता? अलिबागला चांगल्या नेटवर एकदा उतरवून घ्यायचे, डिस्कवर आणायचे आणि आजूबाजूच्या चार शाळांना द्यायचे. नेमके हेच परवान्याला मंजूर नाही! प्रत्येकाचा स्वतःचा संगणक आणि स्वतःचे वेगवान नेट, हे गृहीत धरून सगळी व्यवस्था उभी आहे.

मग सोपी वाट म्हणून अ‍ॅप इन्व्हेंटरकडे पाहावे लागते. हॅल एबलसन यांच्या पुढाकाराने ते 2010 मध्ये गुगलमध्ये सुरू झाले. पुढे एमआयटीने चालवायला घेतले. ब्राउझरमध्ये ठोकळे जुळवायचे, फोनवर त्याचे सोबती अ‍ॅप ठेवून क्यूआर कोड दाखवायचा, की आपले अ‍ॅप फोनवर चालू लागते. भरतीचा गुणाकार एका तासिकेत होतो. मात्र नेट सतत लागते आणि बांधणीचे सारे काम दूरच्या संगणकावर होते, म्हणून आत काय घडते ते मुलांना दिसत नाही. आमच्या मते आठवी-नववीची सुरुवात येथूनच व्हावी. पण शाळेतील एका, सर्वांत बऱ्या संगणकावर शिक्षकाने पूर्ण संचही बसवावा, इम्युलेटर वगळून, आणि मुलांनी आळीपाळीने फोन जोडावेत.

रायगडच्या मच्छीमारांना अ‍ॅप नवीन नाही. टीसीएसने केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था आणि हैदराबादच्या इन्कॉइस यांच्यासह केलेले ‘एमकृषी फिशरीज’ येथे वापरले गेले; उपग्रहांच्या माहितीवरून मासळीच्या संभाव्य जागा त्यात कळत. पण ते बाहेर बनून किनाऱ्यावर आले. वर्गातील अ‍ॅपची गंमत वेगळी. पौर्णिमेला, म्हणजे पंधराव्या तिथीला, त्यात सव्वाअकरा येतात. समुद्र मात्र बाराच्या आसपास भरतो. तीस तिथींत भरती चोवीस तास मागे सरकते, म्हणजे तिथीगणिक 48 मिनिटे. तेव्हा पाऊणपट नव्हे, चार-पंचमांश हवे. मुलांनी आकडा बदलावा, पुन्हा बांधावे, फोनवर चढवावे. मग भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकातील अपोलो बंदराच्या वेळांशी महिनाभर ताडून पाहावे. उधाणात भरती तिथीगणिक 48 मिनिटांहून कमी सरकते आणि भांगात जास्त, हे त्यात दिसेल. आणि त्यासाठी अ‍ॅपमध्ये काय घालावे, हा पुढच्या तासिकेचा प्रश्न.