कुलूप दिसले म्हणजे झाले काय?

संगणकावरील सुरक्षित संपर्क हा विषय शिकवताना आपण बहुधा एकच उपमा वापरतो. साधी ई-मेल म्हणजे पोस्टकार्ड, कूटबद्ध ई-मेल म्हणजे बंद पाकीट. पडद्यावर कुलूप दिसले की निर्धास्त व्हावे. उपमा सोपी आहे, पण ती अर्धेच सांगते, आणि धोका आहे तो उरलेल्या अर्ध्यात.

आधी तिच्यातले खरे पाहू. फाइली पाठवण्याची एफटीपी ही पद्धत अभय भूषण या भारतीय अभियंत्याने 1971 साली एमआयटीत असताना मांडली. त्या वेळी जाळ्यावर मोजकीच संगणककेंद्रे होती. पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो याचे कोणाला फारसे वावगे वाटले नाही. 1995 साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी असे पासवर्ड टिपले, तेव्हा तेथील तातू युलोनेन यांनी एसएसएच हा कूटबद्ध संपर्क तयार केला. आजची एसएफटीपी त्याच्यावरच चालते. येथपर्यंत पाकिटाची उपमा ठीक आहे.

पण पाकीट घेणारा कोण? वर्गात एक प्रयोग करून पाहा. फळ्यावर 5 आणि 23 हे आकडे सर्वांना दिसतील असे लिहा. पहिल्या विद्यार्थ्याने मनात 4 धरावा, 5 चा चौथा घात 625 काढून त्याला 23 ने भागावे आणि बाकी 4 जाहीर करावी. दुसऱ्याने मनात 3 धरला, तर त्याची बाकी 10 येईल. आता पहिल्याने 10 चा चौथा घात आणि दुसऱ्याने 4 चा तिसरा घात काढून 23 ने भागावे. दोघांनाही 18 हीच बाकी मिळते. ही झाली त्यांची गुप्त किल्ली. सगळे उघड्यावर बोलूनही ती कोणी बोलले नाही! डिफी आणि हेलमन यांनी 1976 साली प्रसिद्ध केलेली युक्ती हीच. प्रत्यक्षात आकडे शेकडो अंकी असतात.

आता दोघांच्या मध्ये तिसरा विद्यार्थी बसवा. त्याने मनात 2 धरून दोघांनाही 2 हीच बाकी कळवावी, आणि त्यांचे निरोप स्वतःकडेच ठेवावेत. पहिल्याशी त्याची किल्ली 16 ठरेल, दुसऱ्याशी 8. दोघांनाही वाटेल की आपण एकमेकांशी गुप्त बोलत आहोत. पाकीट बंदच आहे, फक्त पोस्टमन तोतया आहे.

म्हणून ओळख पटवणारे प्रमाणपत्र लागते. तेही डोळे झाकून मानण्यासारखे नाही. 2014 च्या जुलैत आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र-व्यवस्थेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले आणि ती रद्द करावी लागली. उलट, भामट्यालाही स्वतःच्या संकेतस्थळासाठी खरे प्रमाणपत्र सहज मिळते. कुलूप एवढेच सांगते की संपर्क बंदिस्त आहे. समोरचा सज्जन आहे, असे नव्हे. क्रोमने 2023 साली कुलपाचे चिन्ह काढले ते याच गैरसमजामुळे.

ई-मेलची आणखी एक गोष्ट पाठात सुटते. केडगावच्या एखाद्या शाळेने विद्यार्थ्यांची माहिती पुण्याच्या कार्यालयाला पाठवली, तर शाळेपासून सेवादात्यापर्यंतचा टप्पा कूटबद्ध असेल, पुढचाही असेल. पण मधल्या संगणकावर पत्र उघडेच असते. शिवाय जुन्या ई-मेल प्रोग्रॅममध्ये ‘शक्य असल्यास कूटबद्ध’ असा पर्याय आढळतो. त्यात संभाषण उघड्यावर सुरू होते. मधल्याने ‘कूटबद्ध करू या’ ही सूचना गाळली, तर प्रोग्रॅम निमूटपणे उघडे बोलतो. यासाठी पहिल्या क्षणापासून कूटबद्ध संपर्क, म्हणजे पत्रे घेण्यासाठी 993 व पाठवण्यासाठी 465 क्रमांकाचे पोर्ट, निवडणे चांगले.

विद्यार्थ्यांना कुलूप ओळखायला शिकवण्याऐवजी तीन प्रश्न विचारायला शिकवावे: समोर कोण आहे, हे कशावरून? पत्र कोठपर्यंत बंद राहील? आणि प्रमाणपत्राविषयी इशारा आला, तर ‘तरीही पुढे जा’ दाबण्याआधी मी कोणाला विचारीन? शाळेच्या संगणकात मुलांचे आधार क्रमांक असतात, पालकांचे बँक खाते क्रमांक असतात. ती माहिती मुलांनी स्वतः आपल्या हाती दिलेली नाही, आणि एकदा बाहेर गेली की परत आणता येत नाही.